काका, तुम्ही विचारा आधी

पदव्युत्तर प्रवेशाच्या मेळाव्यात माझी विद्यार्थिनी शुभांगी एका विद्यापीठाच्या टेबलासमोर उभी होती. तिला मातीतल्या बुरशीवर संशोधन करायचंय, आणि टेबलामागच्या प्राध्यापक बाई नेमक्या त्याच विषयातल्या. येताना बसमध्ये तिनं आपला प्रश्न सारखा घोकला होता.

तिचा नंबर आला, तेवढ्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन मध्ये घुसले. शुभांगी मागे सरकली. "काका, तुम्ही विचारा आधी." काकांनी होस्टेलचं विचारलं, मेसचं विचारलं, गावाकडे जायला गाडी कुठून मिळते तेही विचारलं. ते हलले, तर एक मावशी आल्या. ही पुन्हा मागे! मी लांबून खुणा करून थकले. पुढे होऊन मीच विचारलं असतं, तर आणखी एक मोठं माणूस मध्ये घुसलं असतं, एवढंच.

चिडायचं तरी कुणावर? पाहुण्यांसमोर गप्प बसली की शहाणी, मोठ्यांना वाट दिली की गुणाची, असं म्हणत आपणच मुली वाढवतो. मग एक दिवस त्यांना अशा हॉलमध्ये आणून सोडतो आणि म्हणतो, बोल की गं!

अखेर बॅनर गुंडाळता गुंडाळता बाईंनी विचारलं, "बोल बाळा, काय हवंय?"

"काही नाही मॅडम, माहितीपत्रक हवं होतं."

माझं डोकंच फिरलं. परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी बोललेच नाही. घाट लागला, तशी खिडकीकडे तोंड करून तिनं तो अख्खा प्रश्न एका दमात विचारला. कुठेही अडखळली नाही.