रफूकाकू आणि परत आलेलं बोट

रफूकाकूंच्या दुकानात कपडा परत द्यायची एक ठरलेली पद्धत होती. काकू कपडा टेबलावर पसरायच्या, चष्मा कपाळावर ढकलायच्या, हाताची घडी घालायच्या आणि म्हणायच्या, "शोधून दाखवा."

गिऱ्हाईक शोधायचं. खिडकीशी नेऊन, उजेडात धरून, अगदी नाकाला लावून. बाहीवर चांगलं बोट जाईल एवढं भोक होतं, ते गेलं कुठे? एकदा एक वकील चक्क भिंग घेऊन आला. दहा मिनिटं कोट उलटासुलटा करून शेवटी त्यानं "ही बघा रफू!" म्हणून बोट ठेवलं, ते नेमकं धड जागेवर. काकूंनी त्याला चहा पाजला आणि वर ऐकवलंही, "हरलेल्याला साखर जास्त."

काकू तेव्हा एकसष्टच्या. अंगानं काडी, आवाजानं नगारा. सतराव्या वर्षी कोटांच्या कारखान्यात लागल्या, तिथे एका म्हाताऱ्या कारागिरणीनं रफू शिकवली आणि कपड्यांशी बोलायचं वेडही लावून दिलं. "काय गं बाई, कुठे अडकलीस?" असं शालीला विचारायच्या. मग त्याच सुरात शालीच्या मालकिणीलाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटात सुई ढकलायचं पितळी अंगुस्तान. ते इतकं अंगवळणी पडलेलं, की जेवतानाही काढायचं राहायचं आणि ताटावर टणटण वाजायचं.

दुकान एक, धंदे दोन. खिडकीकडची बाजू काकूंची, भिंतीकडची काकांची. काका रेडिओ दुरुस्त करायचे, आणि रेडिओ येईनासे झाल्यापासून जे येईल ते. दोघांचं टेबल मात्र एकच, लांबलचक, आणि त्याच्या मधोमध खडूची रेघ. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी काकांनी तार जोडताना वितळलेल्या कथलाचा एक थेंब उडून गिऱ्हाइकाचा रेशमी स्कार्फ जळाला, त्या दिवशी काकूंनी ती ओढली. पुसट झाली की पुन्हा ओढायच्या.

"तुमचं काम तारांचं, माझं धाग्यांचं. आपलं जमतं ते जेवणाच्या टेबलावर. इथे नाही."

चौतीस वर्षांत काकूंच्या हातचं काम एकदाही परत आलं नव्हतं. ते आलं एका बुधवारी. आणि आलं ते केवढं? बोटभर.

आणणारी होती टपालताई. रोज साडेदहाला दुकानावरून जाणारी, चढावरच्या तीनशे घरांना पत्रं आणि पार्सलं पोचवणारी. कुठल्या दाराची घंटा बंद आहे, कुठली आजी दार उघडायला पाच मिनिटं घेते, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, सगळं तिला पाठ. सोमवारी तिनं लोकरीचा राखाडी हातमोजा टाकला होता, उजव्या हाताचा, पहिल्या बोटाचं टोक झिजून उघडं पडलेला. मंगळवारी "शोधून दाखवा" झालं. ती हरली, हसली, मोजा घेऊन गेली. आणि आज दारात उभी, तोंड एवढंसं.

"काकू, रफू फार छान झालीय."

"मग कुणी मेल्यासारखी का उभीयस?"

"इतकी छान झालीय, की यंत्रालासुद्धा सापडत नाही."

तिनं पार्सलांवर सह्या घ्यायचं यंत्र टेबलावर ठेवलं, मोजा चढवला आणि काचेवर बोट आपटलं. टक. टक. टक. काच ढिम्म.

"बोटानं कर की."

टपालताईनं मोजा काढला. बोटं पांढरीफटक, मेणबत्तीसारखी. "थंडी लागली की ही अशी होतात. काही जाणवतच नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, बाहेर उघडा हात एक मिनिट नको."

"मग दुसरे मोजे घे."

"हे बघा." तिनं पहिलं बोट पुढे केलं. पेरभर आखूड. लहानपणी दारात चेंगरलं होतं. "दुकानातल्या मोज्याचं टोक माझ्या बोटापुढे रिकामं लोंबतं. आत बोट टेकलं नाही, तर बाहेर काच ऐकत नाही. माझी बहीण मोज्यांच्या कारखान्यात आहे. तिनं माझ्या मापानं विणून पाठवलेत. नवा जोड यायला तीन आठवडे. आणि साहेब बघणार सोमवारी सकाळी आठला. मोजा घालून यंत्र चालवता आलं, तर फेरी माझी. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"आतली खोली. दिवसभर पत्रं खणांत टाकत बसायचं. काकू, मला खिडकी नसेल तिथे जांभया येतात हो."

काकूंनी मोजा ओढून घेतला, स्वतःच्या डाव्या हातात कसाबसा चढवला आणि काचेवर टोचून पाहिलं. काही नाही. पुन्हा टोचलं. काही नाही. तेव्हा रागानं त्यांनी दुसऱ्या हातानं, म्हणजे ज्या हातात अंगुस्तान होतं त्या हातानं, काचेला टपली मारली.

काच उजळली.

"अहो!" काकू ओरडल्या. "इकडे या! हिला माझं पितळ चालतं आणि माझी रफू चालत नाही!"

काका उठले. खडूच्या रेघेशी येऊन थांबले. "येऊ?"

"या म्हटलं ना! आमंत्रणपत्रिका छापू?"

काकांनी मीटर आणला, दोन सुयांचा. वीज आरपार गेली की पीं वाजणारा. "त्याचं असं आहे," ते बसत म्हणाले. "काचेला दाब कळत नाही. काचेखाली कणभर विजेचं जाळं पसरलेलं असतं. आपल्या अंगातून वीज जाते, म्हणून बोट टेकलं की तिथली इवलीशी वीज बोटाकडे ओढली जाते. काचेला कळतं, इथे कुणीतरी आलंय. मधे लोकर आली की संपलं. लोकर म्हणजे भिंत."

"आणि पितळ?"

"पितळ म्हणजे दार. आतून तुझं बोट टेकलेलं, बाहेरून काच."

"म्हणजे या मोज्यात पितळ होतं?"

"चांदीचा मुलामा दिलेला धागा असणार, लोकरीबरोबर विणलेला." काकांनी सुया टपालताईच्या हातातल्या डाव्या मोज्याच्या पहिल्या बोटाला लावल्या. पीं! रफू केलेल्या बोटाला लावल्या. शांतता. "तू रफूला धागा कुठून घेतलास?"

काकूंनी मोजा मनगटाशी उलटून पाहिला.

रफूचा पहिला धडाच तो: धागा बाहेरचा घ्यायचा नाही. त्याच कपड्याच्या लपलेल्या जागेतून काढायचा, म्हणजे रंग जुळतो, वयही जुळतं. काकूंनी तेच केलं होतं. "मनगटाच्या आतल्या पट्टीतून," त्या हळूच म्हणाल्या.

"तिथे नुसती लोकर. रंग जुळला, वीज नाही जुळली." काकांना हसू आवरेना. "अगं, तू कुणालाही दिसू नये अशी रफू करतेस. ती काचेलाही दिसली नाही!"

"दात काढू नका. तो चांदीचा धागा मिळतो का, ते बघा."

काकांनी तिथल्या तिथे मागवला. पोचणार मंगळवारी.

"आणि सोमवार काय तुमच्यासाठी थांबणार आहे?" काकूंनी टपालताईकडे वळून विचारलं, "डाव्या हातानं काय करतेस गं?"

"यंत्र धरते. त्याचा पट्टा डाव्या तळहातालाच बसतो."

"टोचत नाहीस ना?"

"नाही."

"मग डावा मोजा काढ."

गुरुवारी काकूंनी डाव्या मोज्याच्या पहिल्या बोटाचं टोक उसवलं. इतक्या हळू, की बघणाऱ्याच्याच डोळ्याला पाणी यावं. तिथला चांदीचा धागा उजवीकडे गेला, उजवीकडची मनगटाची लोकर डावीकडे आली. शुक्रवारी मीटर वाजला, पण काकांच्या मोबाईलची काच दहा टोचण्यांतून तीनदाच ऐके.

"फार बारीक केलीस," काका म्हणाले. "दोन धाग्यांनी काचेचं भागत नाही. बोटाचं टोक टेकतं तेवढी जागा हवी. शर्टाच्या बटणाएवढी. आणि टाका आतही उघडा राहू दे. टपालताईच्या कातडीला तो लागला पाहिजे."

"आता तुम्ही मला टाके शिकवा!" असं म्हणत काकूंनी सगळं उसवलं आणि बटणाएवढं केलं. शनिवारी दुपारी काच दहापैकी दहा वेळा उजळली. काकांनी मीटर पींपीं वाजवत दुकानात एक गिरकी घेतली. काकूंनी त्यांना "वेडे" म्हटलं आणि तिसऱ्या गिरकीला स्वतःही उठल्या.

आणि तिथेच माशी शिंकली. काकूंच्या दुकानातून काहीही न धुता बाहेर जायचं नाही. दुपारीच मोजे पाण्यात पडले, आणि सवयीनं वर झाकणभर कपड्यांचं सुगंधी कंडिशनर.

रविवारी सकाळी मोजे मऊ, लुसलुशीत. वासही छान. काच ढिम्म.

"जरासा ओलावा असेल," काकू म्हणाल्या आणि इस्त्री उचलली.

"थांब!" काका एवढ्या जोरात ओरडले, की खिडकीवरचं पाखरू उडालं. "इस्त्री खाली ठेव. चांदीचा मुलामा आहे तो, भाजशील त्याला! पाण्यात काय घातलंस?"

काकूंनी बाटली दाखवली.

"त्याचा थर बसला असेल धाग्यावर. कपडा मऊ होतो तो त्या थरानंच. भिंत पुन्हा उभी राहिली."

मग कोमट पाणी, बोटाच्या टोकावर मावेल एवढाच सौम्य साबण, नुसतं दाबायचं, चोळायचं नाही. तीनदा खळबळून घेतलं. पिळायला काकूंचे हात शिवशिवत होते, पण पिळलं की धागा मोडतो, म्हणून मोजे टॉवेलात गुंडाळून हलकेच दाबले आणि कोरड्या टॉवेलावर आडवे पसरले. हीटरवर ठेवायची परवानगी नव्हती. काका खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले, न जाणो, बायकोचा धीर सुटला तर.

सोमवारी सातला टपालताई आली. काकूंनी मोजे पसरले, चष्मा कपाळावर, हाताची घडी. पण आवाज नेहमीचा नव्हता.

"शोधून दाखव."

तिनं मोजा खिडकीशी नेला, उजेडात धरला, नाकाला लावला. "नाही सापडत." मग हातात चढवला, यंत्र काढलं आणि काचेवर बोट टेकवलं.

काच उजळली. पुन्हा टेकवलं, पुन्हा उजळली.

"सापडली!" टपालताई ओरडली. "इथे आहे, काकू! इथे!"

"ऐक," काकू तिच्या मागे दारापर्यंत धावल्या. "मळले की हातानंच धू. कोमट पाण्यात, थोड्या साबणात. आणि ते वासाचं पाणी..."

"नाही घालणार!"

"इस्त्री नाही, हीटर नाही, पिळायचं नाही! हाताला मलम लावलंस तर आधी पुसून घे, ते टाक्यावर बसतं! आणि खिशात बोळा करून कोंबू नकोस!"

"काकू, आठवर पाच मिनिटं जरी झाली तर मोजे बघायला साहेब थांबणार नाहीत!" चढावरून आवाज आला.

साडेनऊपासून काकूंनी सुईत दोरा चार वेळा ओवला आणि चारही वेळा काढला. साडेदहा वाजले. रस्ता रिकामा.

"खोलीत बसवली तिला," काकू म्हणाल्या.

"अगं, दोन मिनिटं तर झालीत."

"ती कधी दोन मिनिटं उशीर करत नाही."

दहा चाळीसला दार ढकललं गेलं. गाल लाल, खांद्यावर पिशवी, हातात राखाडी मोजे. "साहेबांनी तीनदा करायला लावलं," टपालताई धापा टाकत म्हणाली. "मग स्वतः मोजा घालून बघायला लागले, तर त्यांचं बोट आत मावेना! म्हणून उशीर. हे घ्या, तुमचं पार्सल. एक दिवस आधीच आलं. सही करा."

तिनं मोज्यातल्या बोटानं टकटक करून सहीची चौकट उघडली आणि यंत्र पुढे धरलं. काकूंनी हात पुढे केला आणि पितळी अंगुस्तानानंच सही ठोकली. कोंबडीनं पाय ओढावेत तशी.

पार्सलात चांदीच्या धाग्याचं रीळ. काकूंनी ते आपल्या बाजूला ठेवलं. काकांनी उचलून आपल्या बाजूला.

"अहो, धागा आहे तो!"

"वीज जाते त्यातून. तार म्हणतात त्याला."

"धागा!"

"तार!"

"तुम्ही ठरवा बाई," टपालताई दारातून म्हणाली, "मला अजून दोनशे सत्तर घरं आहेत." आणि चढाला लागली. रीळ तोवर बरोबर खडूच्या रेघेवर येऊन थांबलं होतं, आणि दोघांचाही एकेक हात त्यावर होता.