साबणाचा एक थेंब

प्रयोगशाळेत तिला सगळे भागूबाई म्हणत. तिच्याइतकी भित्री बाई शोधून सापडली नसती. बाटली उघडायच्या आधी लेबल पुन्हा पुन्हा वाचणार, घरी निघाल्यावर गॅस बंद आहे का बघायला अर्ध्या जिन्यावरून परत येणार. काम मात्र नाजूक होतं. शरीरातल्या एका बिघडलेल्या प्रथिनाच्या खोबणीत घट्ट बसेल असा छोटासा रेणू घडवायचा. इथे एक अणू जोड, तिथला काढ, पुन्हा बसवून बघ. तिचे रेणू बसायचे आणि लगेच सुटायचे.

तेच प्रथिन तिच्या धाकट्या भावाची मूत्रपिंडं पोखरत होतं.

परवा नवा रेणू असा काही चिकटला की आकडे बघून तिला रडूच फुटलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिनं मागचापुढचा विचार न करता भावाला फोन लावला. "जमलं रे!"

आज सकाळी भावजयीचा फोन आला. "ताई, हे मूत्रपिंड बदलायच्या ऑपरेशनला नको म्हणतायत. ताईचं औषध येतंय म्हणे."

औषध व्हायला अजून कितीतरी वर्षं लागणार होती. त्यात भावाच्या रिपोर्टच्या काळजीत चाचणीत साबण घालायचं राहिलंय, हे तिला आत्ता आठवलं. काही रेणू पाण्यात एकमेकांना धरून गोळे करतात आणि दिसेल त्या प्रथिनाला गुंडाळून टाकतात. ते खोबणीत बसणं नव्हेच, नुसती झोंबाझोंबी. साबणाच्या थेंबानं ते गोळे फुटतात. नीट बसलेला रेणू मात्र हलत नाही.

"भागूबाई, आता यशालाही घाबरता का?" शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला.

तिनं साबणाच्या बाटलीचं लेबल पुन्हा वाचलं. मग मनगट टेबलाला टेकवून एक थेंब चाचणीत टाकला. आकडे धाडकन खाली आले. रेणू खोबणीत बसलाच नव्हता.

जिन्यात उभं राहून तिनं भावाला फोन केला. "माझं चुकलं. तो रेणू खोटा निघाला. खरा मिळाला तरी तुझ्या वेळेला औषध येणार नाही. ऑपरेशन करून घे."



"ताई, घाबरलीयेस?"

"खूप."

"मग हे खरं असणार. परवा तू घाबरली नव्हतीस, तेव्हाच मला कसंतरी वाटलं होतं. मलाही भीती वाटतेय गं. येशील?"

"निघालेच," ती म्हणाली. त्या दिवशी गॅस बघायला ती जिन्यावरून परत गेली नाही.