कुठे म्हणू नये

आमच्या ह्यांना निघताना कुणी ‘कुठे?’ विचारलेलं चालत नाही. मराठी घरांतली ही जुनीच रीत. ‘लांब निघालात का?’ असं आडून विचारावं, पण ‘कुठे’ म्हणू नये, काम बिघडतं. बाकीचे लोक तोंड वाकडं करून पुढे जातात. आमचे मोहनमास्तर घरी परत येतात, पाटावर बसतात, गूळपाणी पितात आणि नव्याने निघतात. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे त्यांच्या हट्टालाही व्याकरण आहे.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर जुनी मोटार घेतली. काशीतल्या दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे मोटार कशी शिरणार? ती मैदागिनला एका ओळखीच्यांच्या आवारात उभी असते. गल्ल्या ह्यांना डोळे मिटून पाठ, पण मोठा रस्ता लागला की पूर्व-पश्चिमेचा पत्ता नाही. एकदा सारनाथला म्हणून निघालो आणि गाझीपूरच्या रस्त्यावर ढाब्यावर जेवलो. हे मी लेकीला, देवयानीला, फोनवर सांगून बसले. माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!

देवयानी पुण्याला असते. तान्ह्या अवनीला घेऊन ती पहिल्यांदाच येणार होती. म्हणाली, “बाबा, विमानतळावर या, पण रस्ता सांगणारं यंत्र लावून या. तरीही चुकलात, तर गाडी विकायची.” ह्यांनी कबूल केलं. नातीला आपल्या गाडीतून घरी आणायचं, याखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दुकानातलं सगळ्यात स्वस्त यंत्र आलं. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, इंटरनेट का कउनो झंझट नहीं. हफ्ता भर चलाइए, मन न भरे तो वापस.” झालं, मास्तरांनी परीक्षाच मांडली. यंत्रातली बाई मैदागिन असं तोडून म्हणायची, की कुणी कुणाला मैदा मोजायला बसवतंय असं वाटावं: “मैदा... गिन.” उच्चाराला साठ गुण. एकदा तिने आमची गाडी थेट गंगेत दाखवली. “बिचारी स्नानाला निघालीय,” म्हणून भक्तीचे दहा वाढवले. वळण चुकलं तरी ती चिडत नाही, शांतपणे नवी वाट सांगते. “संयमाला पैकीच्या पैकी,” असं म्हणताना ह्यांनी माझ्याकडे बघायची काही गरज नव्हती.

शिष्टाचाराला मात्र शून्य. इंजिन बंद केलं की बाई सगळं विसरायची, आणि पुन्हा चालू केलं की पहिला प्रश्न, “कहाँ जाना है?”

की हे उतरले! मैदागिनहून गल्लीगल्लीने घरी, पाट, गूळपाणी, परत मैदागिन, आणि बाई पुन्हा विचारायला हजर. मग मी आधीच पडद्यावर बोट दाबून तिचं तोंड बंद करायची. सारनाथला तर ह्यांनी इंजिन चालू ठेवूनच स्तूपाला नमस्कार केला, आणि मी पडद्याच्या कोपऱ्यातलं घराचं चित्र दाबून परतीची वाट मागितली. त्या आठवड्यात मोटारीपेक्षा मास्तरच जास्त चालले.

शेवटी माझा पारा चढला. “तांब्या गाडीतच ठेवा ना! आणि मेलं यंत्र विचारतंय, माणूस थोडंच विचारतंय?”

हे म्हणाले, “देवयानी नोकरीला निघाली तेव्हा दारात मीच विचारलं होतं, तिकीट कुठे ठेवलंस? तोंडातून गेलंच. त्यानंतर ती पाहुणी म्हणूनच येते.”

नोकरी तिथली, नवरा तिथला, त्याला तुमचा ‘कुठे’ काय करणार, हे उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण ते तिथेच राहिलं.

विमानतळाच्या दिवशी मी पुढे जाऊन गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. बाईने विचारलं, मी बोटाने सांगितलं. मी कुठे निघालेच नव्हते, नुसती बसले होते. हे आल्यावर बाई सरळ म्हणाली, “आगे बढ़ें.” ह्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण एकही वळण न चुकता बाबतपूरचा विमानतळ गाठला.

तिथे शिपायाने शिट्टी फुंकून इंजिन बंद करायला लावलं. देवयानी आली, अवनी माझ्या मांडीवर आली, आणि त्या गडबडीत मी यंत्राला विसरले. ह्यांनी किल्ली फिरवली.

“कहाँ जाना है?”

ह्यांचे हात चाकावरच थिजले. इथे कुठला पाट आणि कुठलं गूळपाणी! मागे हॉर्न वाजायला लागले. हे तर दाराची कडी चाचपायला लागले.

तेवढ्यात मागच्या सीटवरून देवयानी पुढे वाकली, पडद्यावर बघितलं आणि कोपऱ्यातल्या घरावर बोट ठेवलं.

“घरी,” ती म्हणाली. “घरी जायचंय, बाबा. चला ना.”

ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि पाणी न पिता गाडी काढली.