नाकारलेला नाहरकत दाखला

त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. माझ्या तक्रारअर्जांत ते नको तितक्या वेळा आले आहे. बहात्तर सालच्या दुष्काळात मी नगरच्या एका फुटबॉल क्लबचा चिटणीस होतो. तो आमच्याच संघात खेळे, पण त्याला मी केवळ मैदानावर, दुरून पाहिले होते. मुंबईच्या एका गिरणीने आपल्या संघासाठी त्याला नोकरी देऊ केली, म्हणून तो नाहरकत दाखला मागायला आला. बोलताना तो अंगठ्याने कोपरावरची वाळलेली माती खरवडत होता.

"मुंबईचे सिनेमे खुणावतात काय रे?" मी गरजलो.

"न्हाई साहेब. तितं मॅच झाल्यावर नळाखाली आंघूळ मिळती. हितं तसंच घामट अंगानं झोपतो आमी."

"हंगामाच्या मध्यावर क्लब सोडता येत नाही. नियमावली वाचली आहेस?"

दाखला मी दिला नाहीच. उलट मुंबईच्या फुटबॉल संघटनेला तीन तक्रारपत्रे धाडून गिरणीच्या संघातली त्याची नोंदणी रद्द करवली. प्रत्येक पत्र कायद्याने बिनचूक होते, आणि आज त्यातील प्रत्येक ओळीची मला लाज वाटते. तो आमच्याकडेही पुन्हा खेळला नाही.

उन्हाळ्यात दुष्काळी कामावर तो खडी फोडताना दिसला. मला पाहताच त्याने हातोडा खाली ठेवला, "बसा साहेब, सावलीत," म्हणाला, आणि स्वतः उन्हात सरकला.