दीपमालाचं ‘येते’

माझ्या अभ्यासिकेत तीन पाट्या आहेत. ‘चपला बाहेर.’ ‘बोलणाऱ्याने दहा मिनिटे जिन्यात उभे राहावे.’ आणि दाराच्या आतल्या बाजूला, ‘निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावे.’ तिसरी वाचून पोरं हसतात. हसू देत. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी सदाशिव पेठेत ही जागा घेतली ती पाट्या लावायला मिळाव्यात म्हणूनच, असं आमच्या घरात बोललं जातं.

तिसरी पाटी लागली दीपमाला इढोळेमुळे. दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा तेहतीस वर्षांची होती. बाकी सगळी स्पर्धा परीक्षेची विशी-बाविशीतली पोरं, आणि त्यांत ही कुंकू लावलेली, डबा घेऊन आलेली बाई.

“काय शिकतेस?” मी विचारलं.

“शाश्वत आणि आंतरसांस्कृतिक आंतरराष्ट्रीय व्यवसाय व्यवस्थापन,” तिने एका दमात सांगितलं.

“कोर्स किती वर्षांचा? दोन? नाव म्हणण्यातच सहा महिने जातील.”

ती हसली नाही. खिडकीजवळची जागा धरून बसली. संध्याकाळी निघताना म्हणाली, “जातो मंग, काकाजी.”

“एक तर तू बाई आहेस. आणि दुसरं, जातो म्हणू नये.”

“आमच्या वाशिमकडे बायाबी जातोच म्हणतात,” ती म्हणाली. “पण निघताना जातो म्हटलं की माझी आईबी अशीच चिडते.” दुसऱ्या दिवशी मी पाटी रंगवून आणली.

हळूहळू तिची हकीकत कळत गेली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती पुण्यात आली. नवरा संतोष लेथ मशीनवर कामाला, घर वारज्यात दोन खोल्यांचं. हीही गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली आणि नोकरी करता करताच बाहेरून बी.कॉम. झाली. चौदा वर्षं तिने परदेशी जाणारा माल प्लास्टिकमध्ये गुंडाळला. मालाबरोबर प्लास्टिकही जातं आणि तिकडे ते थेट कचऱ्यात पडतं, हे तिला पाहवेना. रिकामे होऊन परत येतील असे क्रेट वापरा, म्हणून ती साहेबांच्या मागे लागली. साहेब म्हणाले, “बघू.” ‘बघू’चा अर्थ तुम्हाला-मला सांगायला नको. तेव्हा बाईने ठरवलं, आता शिकूनच येते. बिनपगारी रजा घेतली. संतोष स्वयंपाक शिकला. भाजीत मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही, असं ती सांगायची, पण कौतुकाने.

शेवटच्या सत्रात सहा महिन्यांचं प्रकल्पकाम होतं. ते मिळालं नाही तर पदवी नाही. परत येणारे क्रेट बनवणाऱ्या एका डच कंपनीने तिला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. रजा पुन्हा मिळणार नव्हती, म्हणजे ही एकच संधी होती. घरी शेजारच्यांचा टीव्ही भिंतीतून ऐकू येतो, म्हणून मी तिला माझी ऑफिसची खोली दिली. खोली कसली, प्लायवूडचं कपाटच ते. बाहेर सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नव्हतो. तिथे उभा होतो, इतकंच.

पाऊण तास ती उत्तम बोलली. मग पलीकडून कोणीतरी ‘थँक यू’ म्हणालं, आणि आमची बाई म्हणाली, “ओके मॅडम, आय ॲम कमिंग!” आणि लॅपटॉप मिटला.

“झाली मुलाखत?” मी विचारलं.

“झाली. येते म्हणून सांगितलं.” आनंदात होती.

तासाभराने तिला मेल आला. ‘तुम्ही येते म्हणालात. आम्ही तिघांनी वीस मिनिटं वाट पाहिली. तुम्ही आला नाहीत. मुलाखतीची शेवटची दहा मिनिटं राहून गेल्याने पुढे जाता येणार नाही.’

“काकाजी, मी तर बुडालो,” ती म्हणाली आणि मटकन बसली.

मी त्या पाटीकडे पाहिलं. करायला गेलो गणपती, झाला मारुती! ओशाळून म्हणालो, “लाईट गेली म्हणून कळव. पुण्यात ते खोटंही वाटायचं नाही.”

“दोन वर्षं काय शिकले मी? आपली रीत दुसऱ्याला समजावून सांगायची. आणि वेळ आली तर खोटं सांगू?”

तिने लिहिलं ते मला वाचून दाखवलं. ‘आमच्याकडे निघणारा माणूस जाते म्हणत नाही, येते म्हणतो. आधी परत येण्याचा शब्द द्यायचा, मग उंबरा ओलांडायचा. मी उंबरा ओलांडला आणि तुम्ही शब्द खरा धरलात. चूक माझी.’

दोन दिवस उत्तर नाही. मी पाटी काढून कपाटामागे टाकली. अपराधी वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून पोरांवर खेकसत होतो. तिसऱ्या दिवशी मेल आला: राहिलेली दहा मिनिटं बुधवारी पूर्ण करू.

बुधवारी मी पुन्हा प्लायवूडला कान लावला. या वेळी उघडउघड. त्या मॅडम म्हणाल्या, ज्या बाईला आपली चूक इतकी सरळ सांगता येते, ती आमच्या क्रेटबद्दलही खरंच सांगेल. एक तारखेपासून ये. मग तीन परकी तोंडं, एकामागून एक, वेडीवाकडी, म्हणाली, “येते! येते! येते!” त्यांतले दोन पुरुष होते, पण ते असो.

माझा जीव भांड्यात पडला. आणि त्या भरात मी शांत अभ्यासिकेत केवढ्यांदा ओरडलो, “शाब्बास गं पोरी!”

चाळीस मुंड्या वर झाल्या. कल्याणी नावाची एक आगाऊ मुलगी, न बोलता, दुसऱ्या पाटीकडे बोट दाखवू लागली.

नियम म्हणजे नियम. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. डोळे पुसले, धूळ फार असते तिथे. थोड्या वेळाने दीपमाला बाहेर आली. काढलेली पाटी तिने परत खिळ्यावर अडकवली होती, ते उघड्या दारातून दिसलं. ती वाकून माझ्या पाया पडली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, “काकाजी, येते.”

“ये,” मी म्हणालो. “माझी अजून सहा मिनिटं आहेत.”