घरच्या कापडाला बिब्बा लावत नाहीत

डोळा लागायच्या आधी एक वेळ अशी येते की आपण कुठं बसलोय हे ठाऊक असतं, पण कशासाठी बसलोय ते हळूच निसटायला लागतं. मी तिथवर आले आहे. डब्यातली मेथीची भाजी जरा जास्तच झाली आहे, डोक्यावर पंखा घरघरतोय, आणि राष्ट्रपती भवनातल्या चादरी-टेबलक्लॉथ ठेवायच्या खोलीत, लाकडी कपाटाला पाठ लावून, मी भर दुपारी पेंगते आहे. आमच्या घरात या खोलीला कापडखोली म्हणायचे. माझी आई इथल्या धोबीखात्यात होती, अर्धं आयुष्य हिच्यात वावरली.

समोरच्या टेबलावर दोन कापडं आहेत. एक छोटा उशीचा अभ्रा आणि एक भला मोठा पांढरा टेबलक्लॉथ. अभ्र्यापुढं मी स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी आहे. टेबलक्लॉथ तसाच गोळा होऊन पडलाय. त्याला आता परत पेटीत जायचं आहे.

या घरात राष्ट्रपती राहतात हे जगाला ठाऊक आहे. पण इथं चादरी मळतात, डाळी निवडाव्या लागतात, दिव्यांच्या काचा पुसाव्या लागतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याचंच प्रदर्शन मांडायचं चाललंय. बिष्ट मॅडम त्याच्या प्रमुख. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण बाई कामाची. मी इथल्या चाकरवस्तीत वाढलेली, म्हणून त्यांनी मला शोधून काढलं आणि धोबीखात्यासाठी काचेचं एक कपाट दिलं. म्हणाल्या, "एकच वस्तू ठेवा, रत्नमालाजी. पण तिच्यावर तुमच्या आईचा हात दिसला पाहिजे. नाहीतर ते कपाट मला चांदीच्या ताटांना द्यावं लागेल."

चांदीची ताटं! ती काय, कुठंही चमकतात. मी इरेला पेटले. पेट्यांमागून पेट्या उपसल्या आणि आईची बिब्ब्याची खूण शोधत बसले. बिब्बा म्हणजे परटाची शाई. काळं टणक फळ, सुई टोचली की त्यातून तेल येतं. कापडाला लागलं की जन्मात जात नाही, आणि बोटाला लागलं की फोड उठतो, बिब्बा उततो. लहानपणी, इथं यायच्या आधी, गावच्या नदीवर मी आईसाठी बिब्बा धरून बसायचे. त्यामुळं खूण सापडेलच अशी खात्री होती. पण चादरी कोऱ्या, हातरुमाल कोरे, टेबलक्लॉथ कोरे. शेवटी या अभ्र्याच्या कोपऱ्यावर सापडली, एक आडवी रेघ आणि तिच्यावर दोन ठिपके. मी चक्क अभ्र्याचा मुका घेतला. चहाच्या वेळी काच बसणार आहे. एकदा बसली की प्रदर्शन संपेपर्यंत उघडायची नाही.

पंख्याची घरघर लांब जाते.

"धर गं. बघत काय बसलीस?"

टेबलाच्या पलीकडं आई उभी आहे. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, हिरव्या बांगड्या कोपराकडं सारलेल्या. टेबलक्लॉथची दोन टोकं तिच्या हातात आहेत. उरलेली दोन माझ्या हातात कशी आली ते मला कळत नाही.

"आई, तू गेलीस ना गं?"

"गेले म्हून काय काम ऱ्हायलं व्हय? ताण जरा. ढिली धरलीस."

मी ताणते. कापडाचा फटकारा उडतो. ती माझ्याकडं चालत येते, तिची टोकं माझ्या हातात देते आणि खाली लोंबणारी घडी उचलते. तिच्या अंगाला तांदळाच्या खळीचा आणि इस्त्रीतल्या कोळशाचा वास येतोय. किती वर्षं झाली हा वास घेऊन.

"काय लिवलंस त्या चिठ्ठीवर?"

"तुझं नाव."

"समदं?"

"धुरपदा कोंडिबा सोनटक्के."

"मोठ्या अक्षरात लिव. त्या बाईला चष्मा हाय."

माझी आई नम्र कधीच नव्हती. ती मेल्यावरही झालेली नाही, हे पाहून मला फार बरं वाटतं.

ती मागं सरकते आणि तिच्या पायाखाली पाणी वाहायला लागतं. खोलीच्या फरशीवरून कृष्णा वाहतेय. घोट्याएवढं पाणी, त्यात आमच्या गावचे काळे दगड. मी फ्रॉकमध्ये उकिडवी बसले आहे आणि माझ्या चिमटीत बिब्बा आहे. आई त्यात सुई टोचते आणि कपड्यांवर उतरवते.

"पाटलांचं हे, एक टिंब. मास्तरांची दोन. वाण्याची फुली." दिसेल ते धोतर, दिसेल ती चोळी ती खुणावत जाते. "हलवू नगंस. उतंल बोटाला."

बाजूच्या खडकावर एक लुगडं, बाबांचा एक सदरा आणि माझा एक परकर वाळतोय. त्यांच्याकडं ती सुई नेत नाही. मला विचारायचं असतं, पण ती पुन्हा चालत माझ्याकडं यायला लागलेली असते. टोकं जुळवायची वेळ झालेली असते, आणि नदी वाहत वाहत लांबलचक जेवणघरात शिरलेली असते.

हे मेजवानीचं जेवणघर आहे. टेबल इतकं लांब की पलीकडचं टोक दिसत नाही. आमच्या हातातलं कापड त्याच्यावर अंथरलेलंही आहे आणि आमच्या हातातही आहे. खुर्च्या रिकाम्या आहेत. आई टेबलाच्या कडेनं तळहात फिरवत चालते, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ह्याच्यावर कवा सुरकुती दिसली न्हाई कुनाला," ती म्हणते. "कुटलं कुटलं राजं हितं बसून जेवलं. त्यांच्या मांडीवर पयली माझ्या रुमालाची घडी, मग जेवान."

"मला माहीत आहे, आई."

"तुला हाय. लोकांस्नी कुटं हाय? लोक म्हनत्यात, झुंबर बघा, गालिचा बघा. झुंबराखाली पांढरंफेक काय हाय, त्ये कुनी बघतंय का?"

तिचा आवाज चढतो. त्या मोठ्या दालनात तो घुमतो आणि मला अभिमानानं भरून येतं. इथं मोठमोठ्यांची भाषणं झाली असतील. माझ्या आईचं आज होतंय.

"म्हणून तर ते कपाट मिळवलं," मी म्हणते. "त्यात तुझी खूण ठेवतेय. ती बघ."

उशीचा अभ्रा टेबलाच्या मधोमध, ताट असावं तिथं पडलाय. आई वाकून बघते. रेघ बघते, ठिपके बघते. मग ती हसायला लागते. हसत हसत खुर्चीत बसते, आणि या खुर्चीत आपण बसत नाही हे तिच्या लक्षातही येत नाही.

"अगं बाई! ही उशी त्या पावण्याची!"

"कुठल्या?"

"व्हता येक म्हातारा, लांबच्या मुलखाचा. त्येला दुसऱ्याच्या उशीवर झोप न्हाई. सोताची उशी घिऊन हिंडायचा. तिचा अभ्रा धुवाया आला. म्हनलं, आपल्यात मिसळंल, म्हून बिब्बा लावला. तर त्यो वाळायच्या आदी म्हातारा इमानात बसला बी." ती पदरानं डोळे पुसते. "त्येचं डोस्कं पुसायचं फडकं, आनि तू काचंत घालून वर माझं नाव लिवतीस?"

चहाची वेळ होत आली असणार. कुठंतरी काच घेऊन माणसं निघाली असणार.

"मग या घराच्या कापडांवर तुझी खूण का नाही? मी सगळ्या पेट्या बघितल्या. एकावरही नाही. तू चाळीस वर्षं इथं काय केलंस ते मी कशावरून दाखवू?"

आई हसायची थांबते. ती उठते, माझ्याकडं चालत येते. कापडाची आणखी एक घडी पडते. आता आमच्यात हातभर अंतर राहिलंय.

"घरच्या कापडाला कुनी बिब्बा लावतं व्हय?" ती म्हणते. "बिब्बा परक्याच्या कापडाला. कुनाचं कुनाला जाऊ नये म्हून. आपलं त्ये आपल्याला वळखू येतंय की."

"पण हे घर राष्ट्रपतींचं आहे, आई."

"राष्ट्रपती बदलत्यात गं," ती शांतपणे म्हणते. "येत्यात, जात्यात. भली मानसं. मी हितंच व्हते."

खडकावर वाळणारा माझा बिनखुणेचा परकर मला दिसतो, आणि त्याच्या शेजारी, तसाच कोरा, हा टेबलक्लॉथ. मी इतका वेळ तिला शोधत होते आणि ती प्रत्येक कोऱ्या कोपऱ्यात बसलेली होती.

शेवटची घडी राहते. आमची बोटं एकमेकींना लागतात. तिची बोटं पाण्यानं सुरकुतलेली आहेत. ती आता जाणार हे मला कळतं, आणि मी लहान मुलीसारखी हट्टाला पेटते.

"मला एक खूण करून दे ना. या पदराला. उठल्यावर मला कळेल तरी, तू आली होतीस."

आई एकदम रागावते. हा राग मी ओळखते. पूर्वी त्याच्यामागून धपाटा यायचा.

"तुला बिब्बा? तू काय परक्याची हायस?"

मग तिचा आवाज उतरतो. ती माझ्या चिमटीत काहीतरी काळं, टणक ठेवते.

"धर हे. सुई कुटं पडली बघते."

ती वळते. खोलीत नदी नाही, मेजवानीचं टेबल नाही. ओल्या पावलांचा आवाज आहे, मग तोही नाही.

"रत्नमालाजी, चहा."

बिष्ट मॅडम दोन कप घेऊन उभ्या आहेत. मागं काच धरून दोन माणसं. टेबलक्लॉथ होता तसाच गोळा होऊन पडलाय, कुणीही त्याची घडी घातलेली नाही. मी पदराचं टोक उलटून बघते. कोरं.

मी उठते, कपाटातून भवनातली एक उशी काढते आणि तिच्यावर तो अभ्रा चढवायला जाते. अर्ध्यातच अडतो. दुसरी उशी घेते. तिचंही तेच. या घरातल्या कुठल्याच उशीचा तो नाही.

"हा आपला नाही," मी मॅडमना सांगते. "पाहुण्याचा राहिलेला आहे. तो टेबलक्लॉथ ठेवायचा."

"पण त्याच्यावर तर काहीच नाही."

"तेच दाखवायचंय. परीट परक्याच्या कपड्यांना खूण करतो. घरच्या कपड्यांना करत नाही."

बिष्ट मॅडम कप खाली ठेवतात. टेबलक्लॉथचा एक कोपरा उचलतात, मग दुसरा, तिसरा, चौथा. चारी कोरे. त्या चष्मा काढतात आणि बराच वेळ ओढणीनं पुसत राहतात.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आईनं."

"कधी?"

"जेवणानंतर."

त्या माझ्याकडं बघतात आणि पुढं काही विचारत नाहीत. बाई कामाची आहे, मी म्हटलंच होतं. आम्ही दोघी कापडाची टोकं धरतो. "ताणून धरा मॅडम," मी म्हणते, "ढिली धरलीत." कडक परीटघडी पडते. जुनी चिठ्ठी फाडून मी नवी लिहिते: या घरचा टेबलक्लॉथ. धुतला धुरपदा कोंडिबा सोनटक्के यांनी. घरचा आहे, म्हणून खूण नाही. अक्षरं इतकी मोठी काढते की चिठ्ठी पुरत नाही आणि दुसरा कागद घ्यावा लागतो.

माणसं काच बसवतात. मी गार झालेला चहा उचलते, तेव्हा कपाची कड बोटाला झोंबते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकावर एक काळा डाग आहे आणि त्याच्याभोवती लालसर फोड उठायला लागलाय. खाज सुटली आहे. बिब्बा उतलाय. आई गेल्यापासून मी बिब्ब्याला हात लावलेला नाही.

याच्यावर खोबरेल लावतात, उतार पडतो. मी आज लावणार नाही.