ताप असेल तर घरी

पालकसभेत मी फार फणकाऱ्याने बोलते, असं माझा नवरा म्हणतो. खरं आहे ते. परळच्या आमच्या शाळेत त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका बाकावरून सुरू झालेला फ्लू बघता बघता अर्ध्या वर्गात पसरला होता. तरी पालक सकाळी तापाचं औषध पाजून मुलांना पाठवत होते. मधल्या सुट्टीपर्यंत औषधाचा असर संपायचा आणि पोर बाकावर डोकं टेकायचं. मी सभेत खडसावलं, "ताप असेल तर मूल घरी. शाळेत आणायचं नाही."

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. हॉस्पिटलात आयाचं काम करणाऱ्या. "घरी म्हणजे कोणाकडे ठेवायचं, बाई? घरी कोण नसतं."

"तो तुमचा प्रश्न आहे," मी म्हटलं आणि पुढचा विषय घेतला.

दोनच दिवसांनी सकाळी माझी सात वर्षांची लेक तापली. थर्मामीटरवर एकशे दोन. नवरा फिरतीवर, माझ्या रजा संपलेल्या, त्यात दोन शिक्षिका स्वतःच आजारी. मी माझा नियम पाळला. तिला शाळेत नेलं नाही, शेजारी काकींकडे ठेवलं.

यात काही चुकतंय असं माझ्या मनालाही शिवलं नाही. आमच्या चाळीत शेजारची खोली म्हणजे बाहेर नव्हे. काकींच्या आणि आमच्या दारामधल्या गॅलरीत मी लग्न होऊन आल्यापासून कधी पायात चप्पल घातलेली नाही. काकी मूळच्या मालवणकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, गिरणीतला नवरा गेल्यापासून एकट्या. दम्याचा पंप कायम उशाशी. मी त्यांना म्हटलं, "जराशी कणकण आहे." आकडा सांगितला नाही. काकींनी नाही म्हटलं नसतं, पण मलाच तो उच्चारायचा नव्हता.

संध्याकाळी परतले तेव्हा लेक त्यांच्या मांडीवर होती. एकाच ताटलीतून, एकाच चमच्याने पेज चालली होती. एक घास तिला, एक काकींना, कारण त्याशिवाय ती तोंड उघडेना. मग काकींनी दोन्ही हात तिच्या तोंडावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. पोराची पीडा आपल्यावर घ्यायची ही रीत. मी दारात उभी राहून कौतुकाने बघत होते.

लेक तीन दिवसांत उड्या मारू लागली. काकींना आधी खोकला आला, मग धाप लागली. हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी विचारलं, "आजूबाजूला कोणी आजारी होतं?"

"त्या एकट्याच राहतात," मी म्हणाले.

डॉक्टर वळले आणि मला माझीच किळस आली. धावत जिन्यापाशी त्यांना गाठून खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. फ्लूची लस घेतली होती का, एवढंच विचारलं. घेतली नव्हती. त्या लसीचं पत्रक शाळेच्या फलकावर मीच चिकटवलं होतं. शेजारच्या दारापर्यंत मात्र ते मी नेलं नव्हतं.

अकरा दिवस काकी तिथे होत्या. मी नवस बोलणाऱ्यांतली नव्हे, पण त्या दिवसांत बोलले. त्या घरी आल्या तेव्हा अर्ध्या झाल्या होत्या. मी जमिनीवर बसून सांगितलं, "काकी, त्या दिवशी ताप एकशे दोन होता. मला माहीत होतं."

"माका म्हायत नाय काय गो? कपाळाक हात लावल्यार समाजता."

"मग मांडीवर का घेतलंत?"

"मगे काय करतलंय? तुका शाळेत जावचा होता."

त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या सभेत मी त्या आयाबाईंची सगळ्यांसमोर माफी मागितली. तुमचा प्रश्न बरोबर होता, उत्तर माझ्याकडे अजून नाही, असंही म्हटलं.

थंडीत लेकीला पुन्हा ताप आला. या वेळी मी बिनपगारी रजा टाकून घरी बसले. दुपारी काकी आपल्या दारात आल्या, मी दिलेला मास्क हनुवटीवर लोंबत होता. लेक आमच्या उंबऱ्याशी धावली, तिला मी दंडाला धरून थांबवलं. दोन दारांमध्ये चार पावलं. काकींनी तिथूनच हवेत हात फिरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. दोनच बोटं वाजली.

"आई, लांबून केलं तर चालतं?" लेकीने विचारलं.

"चालतं," मी म्हटलं आणि दार लोटून घेतलं.